दहा हातांवरची टोपली

मोरबी, ३ ऑगस्ट २०२५

चि. काजल हिस भूपेशभाऊचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. तुमच्या होस्टेलात मोबाईल चालत नाही ते बरंच, नाहीतर फोनवर मी काय बोललो असतो कुणास ठाऊक. मी मजेत. टाइल्सच्या भट्टीवरचं काम तेच, मेसच्या डाळीत गूळही तोच.

आता मुद्द्यावर येतो. बास्केटबॉलवाल्या शाळकरी पोरांचं ते जपानी कार्टून आपण दोघांनी माझ्या मोबाईलवर पाहिलं, कपाशीच्या ढिगावर बसून. पुढचे भाग मी सुट्टीवर आलो की सोबतच पाहायचे, हे तूच ठरवलं होतं. आणि आता लिहितेस की रंजिताने पेनड्राइव्ह आणला, दर शनिवारी सगळ्या पोरी हॉलमध्ये पाहतात आणि आपल्या बुटक्या हिरोची टीम फायनलला गेली. ही रंजिता कोण? तिला माहीत आहे का, बुटक्याने उडी मारली की आपण मोबाईल थांबवून पैज लावायचो, बॉल आत जाईल की नाही?

त्याचा बॉल हवेत असतो तेव्हा त्याला आई आठवते, हरलेली मॅच आठवते, सगळं आठवून होतं तरी बॉल खाली येत नाही. मला तेच आवडतं. इथला टाइल्स वाहणारा पट्टा एक घडी थांबत नाही. पण त्या पोरांचा रागही येतो. एवढे घोडे झाले, दिवसभर खेळतात, तरी भूगोलात कुणी नापास होत नाही. मी आठवीतून शाळा सोडली तेव्हा माझ्या मागे कुणी त्यांच्यासारखा बाजा वाजवला नाही.

घरी गेलीस तर आईला नमस्कार सांग. लोभ आहे, किती ठेवायचा ते तू ठरव.

तुझा भाऊ
भूपेश

शहादा, १७ ऑगस्ट २०२५

ती. भाऊस काजलचा सा. न. वि. वि.

तू रागावलास की तुझं अक्षर मोठं होतं. या वेळी एका कागदावर मावलं नाही. रंजिता खापर गावची आहे, माझ्याच टीममध्ये खेळते. आणि ती म्हणते त्याला कार्टून नाही, ॲनिमे म्हणतात.

हो, टीममध्ये. माझी निवड झाली. पण पहिल्या दिवशी माझा एकेक बॉल बोर्डाच्या वरून, भिंतीपलीकडे पपईच्या शेतात. पोरी पोट धरून हसल्या. खेळाच्या गिरधर सरांनी विचारलं, कोणी शिकवलं. मी सांगितलं, भावाने टोपलीचं बूड कापून घरच्या निंबावर दहा हात उंच टांगली आहे. सर आधी हसले, मग म्हणाले, अगं रिंग दहा फुटांवर असते. भाऊ, तू विहिरीचा दोर मोजतात तसा हाताने मोजलास ना? दहा हात म्हणजे पंधरा फूट झाले.

आता सर माझा हात खाली आणतात. फार छान शिकवतात. सप्टेंबरात जिल्ह्याची मॅच आहे.

राग थोडा कमी करून तेवढी जागा लोभाला द्यावी ही विनंती.

तुझी
काजल

मोरबी, २४ ऑगस्ट २०२५

प्रिय नवनीत, अ. उ. आ.

काकांची तब्येत कशी आहे? एक काम कर. शिडी लाव आणि आमच्या निंबावरची टोपली काढून टाक. तुझ्या काजलताईला आता सर मिळाले, ते फार छान शिकवतात. भाऊने चुकीचं टांगलं हे सगळ्या शहाद्याला कळलं. आता ती टोपली कोंबड्या झाकायला घ्या.

दुसरी गोष्ट, ही तिला सांगू नको. तिने माझ्याशिवाय पाहिलं म्हणून काल मीही उरलेले सगळे भाग एकट्याने पाहून टाकले, शेवटचासुद्धा. शेवटच्या उडीला सवयीने मोबाईल थांबवला आणि पैज लावायला शेजारी पाहिलं, तर भिंत. मग चालू केला. बॉल आत गेला, बुटक्याची टीम जिंकली. मला काहीच वाटलं नाही.

तुझा
भूपेश

शहादा, १४ सप्टेंबर २०२५

ती. भाऊस काजलचा सा. न. वि. वि.

गणपतीच्या सुट्टीत घरी गेले तर नवनीत शिडीवर. तुझं नाव सांगत होता. मी खालून ओरडले, "हात नको लावू, मन्हा भाऊनी टांगेल शे." उतरला बिचारा. टोपली तिथेच आहे, तिथेच राहील.

मॅच झाली. समोर एक ताडमाड पोरगी होती. सरांच्या पद्धतीने फेकला की ती वरच्या वर अडवायची. शेवटी मी आपल्या निंबाकडे बघून फेकते तसा फेकला. ती उडाली, पण तिचा हात पोचलाच नाही. बॉल इतका वेळ वर होता की मला तू आठवलास, दाताखाली सुतळी धरून दोर मोजणारा. मग बॉल आत पडला. मॅच आम्ही हरलो, ते वेगळं. सर म्हणाले, हा हात आता बिघडवायचा नाही.

आणि ऐक. तुझं पत्र आल्यापासून मी हॉलमध्ये बसले नाही. काल शेवटचा भाग होता. मी बाहेर पायरीवर ओढणीने कान झाकून बसले. रंजिता मला येडी म्हणाली. शेवट तुझ्याशिवाय पाहायचा नाही. तुलाही कुणी सांगायला लागलं तर ऐकू नकोस.

दिवाळीला ये, लोभ समोरासमोर मोजू.

तुझी
काजल

मोरबी, २५ सप्टेंबर २०२५

चि. काजल हिस अ. उ. आ.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं, सुट्टी संपल्यावर परत वाचलं, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. तुमचे सर तसे माणूस बरे दिसतात. रंजितालाही घरी बोलव, पण तिला सांग, मागे बसायचं. तुझ्या शेजारी मी.

दिवाळीला येतो. मोबाईल चार्ज करून आणतो, कपाशीचा ढीग तू रचून ठेव. नवनीत काही बडबडला तर मनावर घेऊ नको. शेवटी कोण जिंकतं ते मलाही माहीत नाही.

पैज मात्र आताच लावून ठेवतो. बुटका शेवटची उडी मारणारच. मी म्हणतो, बॉल आत जाणार नाही. तू म्हण, जातो. हरणाऱ्याने प्रकाशा गावच्या बाजारातून जिलेबी आणायची.

तुझाच
भूपेशभाऊ