आग्नेय कोपऱ्यातला आवाज

माधवगंज, लश्कर, ग्वाल्हेर
मार्गशीर्ष वद्य पंचमी (नानांना तारीख विचारली तर त्यांनी तिथी सांगितली)

तीर्थरूप वहिनींच्या चरणी धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकून. गेले आठ दिवस कंबर सरळ होत नाही. कारण पुढे येईल.)

बडोद्याची हवा मानवली असेल अशी आशा आहे. गुडघा कसा आहे? चिरंजीव सुश्रुत वेळेवर जेवतो का, की अजून लॅपटॉपसमोरच ताट घेऊन बसतो? इकडे सर्व क्षेम. नाना काका शहाऐंशीचे झाले. पंचांग चष्म्याशिवाय वाचतात आणि विजेचं बिल मात्र चष्मा लावूनही दिसत नाही म्हणतात. अंतराची ऑफिसची कामं घरूनच चालतात. ती मराठीत वाक्य सुरू करते, हिंदीत संपवते आणि मधल्या भागात फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत भांडून घेते. तुमची जाऊ सीमंतिनी बरी आहे आणि माझ्याशी बोलते आहे.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर माझं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही "भाऊजी, मुद्द्यावर या" म्हणता. कागदाला तसं म्हणता येत नाही.

तर मुद्दा. दसऱ्याला तुम्ही सांगितलंत, की दादा गेल्यापासून थाटीपुरच्या नर्सरीच्या अंगणात उभी असलेली त्याची पिकप भंगारात देऊन टाका, संक्रांतीनंतर ती तिथे दिसता कामा नये. वहिनी, तुमची आज्ञा मी शिरसावंद्य मानली. गाडी तिथे नाही. (ती माधवगंजात आमच्या दारात आहे आणि तिच्या पाठीवर एक घर आहे.)

आता कृपा करून पत्र खाली ठेवू नका. मी प्रामाणिकपणे भंगारवाल्याला घेऊन गेलो होतो. त्याने पत्र्यावर टकटक केलं, टायरला लाथ मारली, मग मागे डोकावला आणि हातच जोडले. सत्तावीस वर्षं दादाने त्या गाडीतून रोपं वाहिली, त्यामुळे मागच्या हौद्यात चांगली वीतभर माती साचली होती आणि तीत पिंपळ उगवला होता. कमरेइतका, टवटवीत. भंगारवाला म्हणाला, आधी पिंपळ हलवा, मी काही त्याच्यावर कटर चालवणार नाही. मी नानांना विचारलं. नाना म्हणाले, मुळासकट काढून दुसरीकडे लावला तर दोष नाही, पण शनिवारी काढू नका. त्या दिवशी नेमका शनिवार होता. भंगारवाला निघून गेला आणि मी एकटाच गाडीपाशी उरलो. तुम्ही मला पस्तीस वर्षं ओळखता. मी एकटा आणि समोर बंद बॉनेट, म्हणजे पुढे काय होणार हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पॉलिटेक्निकात मी एकतीस वर्षं मशीन ड्रॉइंग शिकवलं. गिअरबॉक्सचा उभा छेद मी फळ्याकडे पाठ करून, न बघता काढत असे. पण खरा गिअरबॉक्स उघडा पडलेला मी त्या दिवसापर्यंत पाहिला नव्हता. (हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. दादाला संशय होता.) तेव्हा मला एवढंच कळून घ्यायचं होतं, की इतकी वर्षं मुलांना जे शिकवलं ते आत खरंच तसं असतं का. नुसतं बघायचं होतं हो. मग भूरे मिस्त्रीला बोलावलं, कारण बघायला मिळण्यासाठी नट सैल व्हायला हवे होते. भूरे म्हणजे पडाव भागातला तो उंच, किडकिडीत मिस्त्री, जो इंजिनाशी बोलतो आणि गिऱ्हाइकाशी बोलत नाही. त्याने नवी बॅटरी लावली, डिझेलची नळी तोंडाने ओढून साफ केली आणि चौथ्या प्रयत्नात गाडी सुरू झाली. वहिनी, काय तो आवाज! नर्सरीतले सगळे पोपट उडाले. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (धूर होताच, पण तो नंतर आला.)

घराची कल्पना अंतराची. तिने फोनवर मला परदेशातले लोक दाखवले. पिकपच्या पाठीवर छोटं घर बांधून ते डोंगरदऱ्यांत जातात, त्यात पलंग, ओटा, घडीचं टेबल, सगळं. मी म्हटलं, यात नवीन काय? माझा दादा आणि वहिनी चटई, मच्छरदाणी नि पिठलं-भाकरीचा डबा घेऊन याच गाडीच्या हौद्यात चंबळच्या बीहडात, त्या मातीच्या घळींत मुक्कामाला जायचे, आणि तेसुद्धा डाकूंच्या भीतीने शहाणी माणसं दिवसाढवळ्या तिकडे फिरकत नसत त्या काळात. नाना तेव्हा महिनाभर तुमच्याशी बोलले नव्हते, आठवतं ना? अंतराने ते ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, काकी तो बड़ी कूल निकली! आता तर करायलाच पाहिजे." मग नया बाजारातल्या एका फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपांचा सांगाडा केला, वर पत्रा, आत प्लाय. ड्रॉइंग अर्थात माझं, तीन बाजूंनी आणि एक छेद. फॅब्रिकेटरने ते समोशांखाली पसरलं, पण माप बरोबर आलं.

इथे घोटाळा सुरू झाला. नाना आले, काठी टेकत आत चढले, पलंगावर बसले, ओटा पाहिला आणि म्हणाले, हे घर आहे, याची वास्तुशांत झाली पाहिजे. मी म्हटलं, नाना, ही गाडी आहे, लिंबू-मिरची बांधू, नारळ फोडू, झालं. नाना म्हणाले, जिथे चूल आहे ते घर. मी म्हटलं, ज्याला चाकं आहेत ती गाडी. आठ दिवस हा वाद चालला. शेवटी मी एक तांत्रिक मुद्दा काढला, की वास्तुप्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरतात; ही गाडी वळली की आग्नेय कुठे शोधणार? आणि पुरणार कशात, जमीनच नाही! नाना गप्प झाले. मला वाटलं, जिंकलो. आपल्या घरातलं कुणी गप्प बसलं की आपण जिंकलो असं मला दर वेळी वाटतं आणि दर वेळी ते चुकीचं निघतं.

पुढच्या मंगळवारी मी हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो. नोव्हेंबरात पेन्शनरला आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. माझे अंगठे ग्रीस लागून लागून गुळगुळीत झाले होते, यंत्राला ठसा पटेना, त्यामुळे सिद्ध व्हायला तीन तास लागले. एवढ्या वेळात इकडे नानांनी वास्तुशांत उरकली. यजमान गैरहजर, म्हणून माझ्या जागी पाटावर सुपारी ठेवली. सुपारीने मध्येमध्ये शंका काढल्या नाहीत, तांत्रिक मुद्दे काढले नाहीत, त्यामुळे विधी फार सुरेख झाला असं सीमंतिनीने नंतर सांगितलं. हे सगळं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी आलो तेव्हा गाडीत फक्त उदबत्तीचा वास होता आणि जेवायला पुरण होतं. पुरण कशाचं, हे मी विचारलं नाही. पुरणाला कारण विचारू नये.

त्या दिवसापासून गाडीत आवाज येऊ लागला. उजवीकडे वळलं की "टण्", सरळ झाली की पुन्हा "टण्". डावीकडे वळताना बारीक खरखर आणि मग "टक". वहिनी, माझी झोप उडाली. शेजारीपाजारी म्हणाले, जुनी गाडी, वाजणारच. पण जुनेपणा हे काही कारण नव्हे. वाजतं म्हणजे काहीतरी कशावर तरी आपटतं. काय, कशावर आणि का? भूरेने कमानीचे पट्टे उतरवले, बुश बदलले, शाफ्टचा क्रॉस काढून नवा घातला. मी स्वतः गाडीखाली उताणा पडून टॉर्चने प्रत्येक नट मोजला. (कंबर.) आवाज तसाच. मी छेदाचे अकरा नकाशे काढून जेवणघरात चिकटवले. सीमंतिनी ते बघायची, काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि मग आमटी वाढायची. नाना तर आवाज झाला की डोळे मिटून हात जोडायचे. मला वाटलं, वय झालं.

शेवटी गेल्या रविवारी सकाळी आम्ही तिला पढावलीच्या पुढे, जिथे डांबर संपून बीहड सुरू होतो तिथे न्यायचं ठरवलं. मी चालवत होतो, शेजारी नाना, आणि भूरे मागे घरात पालथा पडून फरशीच्या प्लायला कान लावून. तिसरा गिअर काही पडत नव्हता (त्याचं कारणही सापडलं आहे, ते शेवटी), म्हणून सबंध रस्ता दुसऱ्या गिअरवर गेलो. एक दुधवाला सायकलवरून बराच वेळ आमच्याशी गप्पा मारत बरोबर होता, नंतर त्याला घाई होती म्हणून पुढे गेला. कच्चा उतार लागला तसा आवाज इतका वाढला, की मी वैतागून म्हटलं, "आता ही इथेच बंद पडणार!" टण्! आणि बंद पडली. नाना शांतपणे म्हणाले, "जपून बोल दिनकर. वास्तू तथास्तु म्हणते." मी म्हटलं, कसली वास्तू? तेवढ्यात मागून भूरे डोक्याला प्लायचा भुसा लागलेला असा उतरला आणि त्याने निकाल दिला: "साब, जे आवाज गाड़ी की नईं है। जे मकान की है।"

नाना असे हसले, की त्यांची कवळी सावरावी लागली. मिस्त्रीनेच साक्ष दिली म्हटल्यावर त्यांनी सगळं सांगून टाकलं. गाडी दारात पूर्वाभिमुख उभी होती, म्हणून पुढचा उजवा कोपरा आग्नेय. जमीन नाही, तर सांगाड्याचा आडवा चौकोनी पाइप हीच जमीन. वास्तुप्रतिमा तांब्याच्या डबीत घालून डबी पाइपात सरकवली आणि तोंड कणकेने लिंपलं. कणकेने! एकतीस वर्षं मी नट, बोल्ट, रिव्हेट, वेल्ड असे जोडाचे प्रकार शिकवले, त्यात कणीक नव्हती. मी तिथेच, त्या उतारावर, फरशीचे स्क्रू काढले. कणीक उंदराने केव्हाच खाल्ली होती. डबी पाइपात या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी फिरत होती. मला राग यायला हवा होता, पण वहिनी, मला इतका आनंद झाला, की मी हाताने गाडी हलवून चार वेळा ती डबी वाजवून पाहिली. भूरेनेही वाजवली. मग नानांनीही.

डबी मी घट्ट बसवणार होतो, पण नाना म्हणतात, एकदा बसलेल्या वास्तुपुरुषाला उठवायचं नाही, तो आपणहून फिरत असेल तर ती त्याची मर्जी. तेव्हा आवाज आहे तसाच आहे. त्याचा फायदा एवढाच, की आता गाडीत बसलं की आम्ही सगळे एकमेकांशी फार गोड बोलतो. कोण जाणे, कशाला तथास्तु मिळेल.

पत्र लांबलं. सोबत मुरैन्याची गजक पाठवतो आहे, गुडघ्याला तिळाचं चांगलं. सुश्रुतला आशीर्वाद.

तुमचा,
दिनकर

ता. क. भंगाराचा कागद सोबत जोडला आहे. गाडी अजून दादाच्याच नावावर आहे, तेव्हा वारस म्हणून सही तुमची लागेल. दुसरा कागद गाडी तुमच्या नावावर करण्याचा. दोन्हींवर सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारली आहे. वाटेल त्यावर सही करा. ती गाडी तुम्हाला डोळ्यांसमोर का नको आहे, हे मला कळतं. तुम्ही भंगाराच्या कागदावर सही केलीत, तर मी एक शब्द बोलणार नाही. (पिंपळ नर्सरीच्या कुंपणाशी लावला आहे, जगला.)

ता. क. २. तिसऱ्या गिअरचं. गिअरबॉक्समध्ये काही दोष नाही, मी उघडून पाहिला, अगदी फळ्यावरच्यासारखा आहे. दोष क्लचमध्येही नाही. तुमचा पाय पुरत नसे म्हणून दादाने क्लचच्या पेडलवर शिसवीचा ठोकळा बसवला होता, तो अजून तिथेच आहे. दादाला तिन्हीसांजेनंतर दिसत नसे, परतीला तुम्हीच चालवायचात, हे आम्ही सगळे विसरलो होतो. त्या ठोकळ्यामुळे माझा गुडघा स्टिअरिंगला अडतो आणि क्लच अर्धाच दबतो. भूरेचा तर पायच आत मावत नाही. तो म्हणतो, दोन बोल्ट आहेत, काढून टाकू, गाडी कुणीही चालवील. मी पाना त्याच्या हातून काढून घेतला. ठोकळा वरून तुमच्या चपलेच्या आकाराचा झिजला आहे, वहिनी. तेव्हा मला तुम्हाला खरं एवढंच विचारायचं होतं: ते दोन बोल्ट काढू, की तुम्ही संक्रांतीला येताय?

ता. क. ३. काल गाडीत एकटा बसून मी मोठ्याने म्हणून पाहिलं, "वहिनी येतील." इंजिन बंद होतं, हँडब्रेक ओढलेला होता आणि मी श्वाससुद्धा धरून ठेवला होता. टण् झालं. कशाने झालं, याचा मी शोध घेतलेला नाही.