तिसऱ्या तासाचा फळा

प्रिय चिंगे,

तुझं पत्र मिळालं. पाचवीच्या पोरांना इंग्रजीतलं सामान्यनाम आणि विशेषनाम कसं शिकवायचं, असं विचारलंयस. निम्मी मुलं 'डॉग'चा डी कॅपिटल काढतात म्हणे, आणि स्वतःचं नाव मात्र बारक्या अक्षरात लिहितात. लिहिणारच. आपल्या लिपीत लहान आणि मोठी अशी वेगळी अक्षरं नाहीत, त्यामुळे जे आवडतं ते मोठं, एवढंच त्यांना कळतं. व्याख्या घोकून घेऊ नकोस. फळ्याच्या मधोमध रेघ मार. डावीकडे मुलगी, नदी, गाव. हे शब्द कितीतरी जणांना लागू पडतात. उजवीकडे त्यातल्या एकाच कुणाचं नाव, पहिलं अक्षर कॅपिटल. सोमवार-मंगळवार आणि महिनेसुद्धा उजवीकडेच, तिथे पोरं हमखास आपटी खातात. मग एकेकाला उठवून उजवीकडे स्वतःचं नाव लिहायला लावायचं. मी तसंच शिकवायचे. त्या दिवशीही तेच चाललं होतं.

तू तेव्हा आठ वर्षांची, शेजारच्या वर्गात. तुला आवाज आठवत असतील, दिसलं काहीच नसेल. खाणीतल्या संपाला दोन महिने झाले होते. पुढाऱ्यांची पोरं उचलली की बाप मुकाट्याने कामावर येतील, असं मालकाच्या माणसांनी ठरवलं होतं. तिसऱ्या तासाला तुझ्या बाबांनी आपल्या शिपायाच्या स्टुलावरून ट्रक येताना पाहिला. त्यांनी फाटकाला कुलूप घातलं आणि धावत माझ्या वर्गात आले. "बाई, संपवाल्यांची चार पोरं द्या. टाकीमागच्या भिंतीवरून पलीकडे उतरवतो." कपाळावरचा घाम पुसायलाही थांबले नाहीत. चौघांना पुढे घालून ते पाण्याच्या टाकीमागे गेले.

फाटक फार वेळ टिकलं नाही. तिघे वर्गात घुसले, हातात लोखंडी सळ्या. पहिल्या बाकावरच्या मुलाने नुसतं वर पाहिलं, तर एकाने त्याच्या तोंडावरच सळी घातली. त्याचे दात वहीवर पडले. बाकीची पोरं किंचाळत बाकांखाली शिरली. त्या तिघांकडे चार नावांची चिठ्ठी होती, आणि ती चारही नावं, त्या मुलांच्याच अक्षरात, माझ्या पाठीमागे फळ्यावर होती. मी वळले आणि दोन्ही तळहातांनी उजवी बाजू पुसून काढली. हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण एवढी घाई करून पुसल्यावर त्यांना आणखी काय कळायचं राहिलं होतं? एकाने माझं मनगट फळ्याला दाबून धरलं, दुसऱ्याने बोटांवर सळी हाणली. करंगळी. मग तिच्या शेजारचं बोट. "पोरं कुठायत?" एवढं एकच विचारत होता, प्रत्येक फटक्याआधी, अगदी शांतपणे.

पुढचं कुणालाच ठाऊक नाही. तिसऱ्या बोटावर सळी उगारली आणि मी बोलले. नाव नाही घेतलं. "शिपाई," म्हणाले, "टाकीमागे." वर्गातल्या रडारडीत ते कुणाला ऐकू गेलं नाही. कुणाचं नाव तर नाही ना सांगितलं, अशी मी कितीतरी वर्षं मनाची समजूत घालत आले. पण चिंगे, शाळेत शिपाई एकच होता.

तीन पोरं भिंतीपलीकडे पोचली होती. चौथी, सगळ्यांत धाकटी, तुझ्या बाबांच्या हातात होती. तिला त्यांनी वर लोटलं तेव्हाच पहिला फटका बसला, असं तीच नंतर सांगायची. मला दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. आधी त्यांचा आवाज आणि सळ्यांचा. मग नुसता सळ्यांचा. कितीतरी वेळ. मी आणखी एक बोट दिलं असतं, तर तेही पलीकडे उतरले असते.

दवाखान्यात तू माझ्या पट्ट्यांवर फुंकर घालत बसायचीस. तेव्हाच सांगायला हवं होतं. तुला आई नव्हती, म्हणून मी तुला घरी आणलं. वाकड्या बोटांनी तुझ्या वेण्या घातल्या, त्या नेहमी एकीकडे सैल व्हायच्या आणि तू कधी कुरकुर केली नाहीस. लोक म्हणाले, बाईंचं काळीज केवढं मोठं! केवढं ते माझं मला माहीत होतं. दहावीत असताना तू एकदा विचारलंस, बाबा टाकीमागे आहेत हे त्या लोकांना कसं कळलं? मी दूध उतू जातंय म्हणून उठले. चुलीवर दूध नव्हतंच.

रविवारी शाळेच्या नव्या इमारतीला माझं नाव देणार आहेत. तू लिहिलंयस की भाषण तूच करणार, आणि त्यातलं पहिलं वाक्यही पाठवलंयस: 'बोटं मोडली तरी आमच्या बाईंनी तोंड उघडलं नाही.' चार दिवस तेच वाक्य वाचतेय. हे खोटं तुझ्या तोंडून बोललं जाऊ नये, म्हणून हे पत्र. रविवारी मी उभी राहून सगळ्यांसमोर हेच सांगणार आहे, आणि पाटीवर तुझ्या बाबांचं नाव घाला म्हणणार आहे. ते तू पहिल्यांदा गर्दीत ऐकू नयेस. माफ कर म्हणत नाही, तेवढी कोडगी अजून झालेली नाही. यायचं की नाही ते तू ठरव. आलीस तर मागे कुठेतरी बस, तुझ्याकडे पाहत मला बोलता येणार नाही.

नाही, चुकलं. पुढेच बस. अगदी माझ्यासमोर.

तुझीच, असं अजून लिहू देणार असशील तर,
बाई