डावीकडे दीड इंच

३ मार्च
मिळालं! संग्रहालयाचं काम मला मिळालं! सतरा वर्षं पडदे, उशांचे अभ्रे आणि लोकांच्या पँटी आखूड करण्यात गेली, आणि आज शंभर वर्षांहून जुन्या पोशाखाच्या आतला परकर शिवायला सांगितलाय. दिसणार कुणाला? कुणालाच नाही! पण तो नसला तर पोशाख ओल्या टॉवेलासारखा लोंबतो — डोळ्यांनी पाहिलं मी.

हे म्हणाले, "परकरासाठी एवढी नाचतेस? आणि घालणार कोण, तर लाकडाची बाहुली!"

म्हणू देत.

४ मार्च
मापं घेतली. हातमोजे घालून! टाचणी लावायची नाही, ओढायचं नाही, श्वाससुद्धा बेतानं सोडायचा. पायघोळ झगा, रेशीम शाईसारखं निळं. मागे भरघोस घेर. सोबतच्या पाटीवर लिहिलंय — घराण्यातल्या थोरल्या बाईंचा पोशाख. त्यांची तसबीरही आहे. मान काय ताठ!

संग्रहालयातल्या बाई — जुने कपडे सगळे त्यांच्या ताब्यात — मोजूनमापून बोलतात. "वीस तारखेला प्रदर्शन. नीट उभा राहिला तर हा दालनात पहिला. नाही राहिला तर परत पेटीत."

घरी आल्या आल्या कापड धुवायला घेतलं.

७ मार्च
मांजरपाटाचा कच्चा परकर तयार. कापड आधी दोनदा धुतलं, खळ राहायला नको. कमरेला सपाट पट्टा, पुढे चुणी नाहीच, सगळ्या चुण्या मागे. खाली दोन झालरी. लांबी पोशाखापेक्षा दोन बोटं कमी, घेर वीतभर कमी — नाहीतर आतून रेशमावर ताण येतो. शिवताना मी गात होते म्हणे. मला पत्ताच नाही!

९ मार्च
फसलं.

संग्रहालयात बाहुलीला परकर घातला, वरून पोशाख. आधी मागचा घेर असा फुलला की बाईंच्या तोंडून "अगंबाई!" निघालं. मग दोघी दोन पावलं मागे सरकलो. पोशाखाचा डावीकडचा काठ जमिनीपासून वर! चांगला दीड इंच!

"परकर तिरका झालाय तुमचा."

उतरवला. पुन्हा मोजला. सगळीकडून सारखा.

"मग पोशाखच आटला असेल, कधीतरी धुताना."

एकाच बाजूनं?  पण कुठल्या तोंडानं विचारणार?

१० मार्च
काही म्हणजे काही सुचत नाही.

११ मार्च
सुचलं!!

सकाळी पोस्टमन नवी पँट घेऊन दारात. त्याचा डावा पाय जरा आखूड, म्हणून डावी बाजू दर वेळी मीच कमी करून देते. खडूनं खूण करता करता हात थांबला.

"काय झालं, ताई?"

"काही नाही! उद्या या! नको — परवा या!"

चपला अडकवल्या आणि थेट संग्रहालय. पोशाख उलटा करून पाहिला. मी मूर्खासारखं एकाच बाजूचं माप घेतलं होतं! दुसरी, म्हणजे डावी बाजू कमरेपासून काठापर्यंत दीड इंच कमी. बाईंनी भिंग धरलं. टाका तोच, दोरा तोच, उसवल्याची खूण कुठेच नाही. आटलेला नाही, मागाहून कापलेला नाही. मुळातच तसा बेतलेला! कुण्या शिंप्यानं घालणारीचं चालणं नीट पाहून बेतलेला.

"म्हणजे या बाई लंगडत होत्या?" बाई तसबिरीकडे बघत म्हणाल्या. "इथे तर काही कळत नाही."

"तसबिरीत पाय कुठे आलेत, बाई?"

पहिल्यांदा हसल्या त्या!

१६ मार्च
नवा परकर झाला, डावी बाजू दीड इंच आखूड. बाहुलीच्या उजव्या कमरेवर कापसाची गादी बांधली, कंबर तिरकी दिसावी म्हणून. बाहुली ज्यावर उभी तो दांडा जरासा खाली घेतला. परकर चढवला, वरून पोशाख हळूच सोडला — काठ एका रेषेत! सुतात!

आणि नुसता काठच नाही. बाहुलीत जीव आला. एका पायावर भार टाकून कुणीतरी जरा थांबलंय, आता चालायला लागेल, असं. 

बाईंनी टेप खाली ठेवली आणि माझा हात धरला. मोज्यासकट.

२० मार्च
उद्घाटन. केवढी गर्दी! हे नवा शर्ट घालून आले. पोशाखाभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि मग दिसेल त्याला सांगत सुटले, "आतला परकर आमच्या हिनं शिवलाय!" लोक वाकून बघायला लागले की हो! लाजून मेले मी. पण आत उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू.

२२ मार्च
ज्यांच्या घरून पोशाख आला त्या आजी आज आल्या. नव्वदीच्या असतील. पाटी वाचली आणि मान हलवली.

"ही थोरली नव्हे. थोरली माझी आजी, ती सरळ चालायची. ही तिची धाकटी बहीण. लहानपणी पाहिलंय मी हिला."

मग काचेवर हात टेकवला.

"पाहुणे आले की हिला आतल्या खोलीत बसवायचे, पोरी. तू चारचौघांत उभी केलीस."