पाल न पडलेली डाळ

गुरुवार, १८ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींची कंबर कशी आहे? त्यांना म्हणावं, भरलेला सिलिंडर एकट्याने उचलण्यात कसली आलीय मर्दुमकी!

इथे सगळं ठीक. शाळेला रंग लागतोय, भिंतींना टेकून टेकून पोरं निळी झालीत. तू जाताना शाळेच्या स्वयंपाकाचा माझ्या हाती दिलेला डाव अजून माझ्याच हातात आहे.

ठीक म्हटलं खरं, पण मघापासून तीनदा उठले. धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

काल मी डाळ ओतून दिली. अख्खं पातेलं. पोरांच्या आधी स्वयंपाकिणीने चाखायचं, हे तूच शिकवलंस. मी चाखली, मान डोलावली. तेवढ्यात पहिलीतली ठमाबाई नाक दाबून दारात उभी. "मावशी, शी! कसला वास येतोय?"

माझं धाबंच दणाणलं. ताई, मागे आलेल्या त्या तापापासून मला वास येत नाही, चवही कळत नाही. मीठ अंदाजाने घालते आणि चाखल्याचं सोंग करते. डाळ आंबली असली तरी मला काय कळणार? मोठ्या बाई धावत आल्या, तर तोंडातून निघून गेलं, "पाल पडली."

मागाहून कळलं, वास खिडकीच्या रंगाचा होता. डाळ चांगली होती गं.

पोरांना केळी वाटली. ठमाबाईने सालसुद्धा आतून दातांनी खरवडली. तिच्या घरी सकाळी चूल पेटत नाही, हे मला माहीत आहे.

आणि आता पातेलं उघडं ठेवलं म्हणून आत्यावर बालंट आलंय. भांडी घासणारी आपली आत्या! उद्यापासून तिला येऊ नको म्हणणार आहेत. ती मलाच म्हणते, "मी झाकलं होतं असं वाटतंय बाई. पण तू पाल बघितलीस ना? मग राहिलं असेल." चोर सोडून संन्याशाला फाशी. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खरं बोलले तर डाव गेला. चव न कळणारी स्वयंपाकीण कोण ठेवेल? आणि मला दुसरं येतं तरी काय?

टपालपेटी शाळेच्या पलीकडे आहे. आधी मोठ्या बाईंच्या खोलीत जाणार, मगच पेटीकडे. तेव्हा हे पत्र तुझ्या हातात पडलं, तर समज, मी सांगितलं.

तुझी,
चप्पल घालून दारातच उभी असलेली
धाकटी