कर्र-टकचा शोध

१० फेब्रुवारी. सकाळ.
बाबांनी गाडी विकायला काढली. पाटबंधाऱ्याच्या कामावर त्यांनी आयुष्यभर चालवलेली, चारही चाकांनी ओढणारी. दिसायला डबा, पण मनाने वाघ. गुडघा गेल्यापासून त्यांना चालवता येत नाही, म्हणून दारात उभी आहे. घेणार कोण, तर नर्सरीवाल्या बाई. कुंड्या वाहायला! वाघाच्या पाठीवर कुंड्या!
मी सरळ म्हटलं, मला द्या, मी हिला घेऊन जगभर फिरणार आहे. ताई जिन्यावरून ओरडली, आधी एका नोकरीत पुढचा पगार होईपर्यंत टिकून दाखव. तिला कोणी विचारलं होतं? बाबा म्हणाले, रविवारी मला जुन्या बंधाऱ्यापर्यंत नेऊन आण. नीट. मग बघू.
बघू म्हणजे दिलीच.

१० फेब्रुवारी. दुपार.
पूर्वतयारी सुरू. पुढच्या दोन चाकांच्या मधोमध एकेक गोल बटण असतं. बाबा ती कायम 'फ्री'वर ठेवतात, म्हणजे पुढची चाकं नुसती लोळत येतात. 'लॉक' केली की तीही ओढायला जोडली जातात. आपला स्वभाव सदैव तयार राहण्याचा, म्हणून उजवं बटण लॉक केलं. डाव्याकडे जातोय तोच समोरच्या मास्तरांचं कपाट जिन्यात अडकलं. गेलो. तिरकं करा म्हटलं, ऐकेनात. सगळी दुपार कपाटात गेली. लोक आपापली कामं स्वतः का करत नाहीत? डोकं फिरलं.

११ फेब्रुवारी.
गाडीतून आवाज. कर्र-टक. कर्र-टक. दळणात खडा सापडावा तसा. परवापर्यंत नव्हता.
भेसळ. दुसरं काही असूच शकत नाही. पंपावर जाऊन भांडलो. पंपवाला म्हणाला, साहेब, डिझेल असं वाजत नाही. निर्लज्ज. भांडून भांडून शेवटी चाकांत हवा भरून घेतली आणि परत आलो.
निरीक्षण : वेग वाढला की आवाज वाढतो, गाडी थांबली की बंद. म्हणजे आवाज गाडी चालवताना येतो. बऱ्याच जणांना इथपर्यंतही पोचता येत नाही.

१२ फेब्रुवारी.
मेकॅनिककडे. बाबांचा जुना माणूस, म्हणून गेलो. पाच मिनिटं शेजारी बसून फिरला, कान खिडकीबाहेर काढून. मग विचारतो, तू कशाला हात लावलास का? मला! मी म्हटलं, मी गाडीला बोटही लावलेलं नाही. (नव्हतंच लावलं. आवाजाच्या जागी तर नाहीच.) मग म्हणतो, पुढचा शाफ्ट फिरतोय रे, फिरायला नको. मी म्हटलं, शाफ्ट फिरणार नाही तर काय बसून चहा पिणार? हसायला लागला. गाडी उद्या सोडून जा, वर उचलून बघतो म्हणाला.
मी गाडी घेऊन निघून आलो. आपल्याला हसणाऱ्याच्या हातात आपण गाडी देत नाही.
ठराव : आवाज मी स्वतः शोधणार.

१३ फेब्रुवारी. सकाळ.
आवाज मागून येतो. आतून वाटतं. मागच्या दोन चाकांच्या मधे गिअरचा लोखंडी गोळा असतो, त्यातलं तेल काढलं, बदलावं म्हणून. खाली परात ठेवली होती, पण तेवढ्यात टपावर कॅरिअर बसवायची कल्पना सुचली. लांबच्या प्रवासाला कॅरिअर हवाच. भंगारात एक पलंग पाहून ठेवला होता, तो आणायला गेलो. आलो तर परात भरून तेल ताईच्या उंबऱ्यापर्यंत गेलेलं. ताई त्यावरून घसरून थेट माझ्याच सायकलवर बसली. कोणाला दोष द्यायचा ते सांगा. परात ताईचीच, लहान होती.

१३ फेब्रुवारी. संध्याकाळ.
तेल भरलं. पलंग टपावर बसवला. आता कर्र-टकच्या जोडीला वरून किणकिण. पण किणकिण कशाची हे मला ठाऊक आहे, त्यामुळे ती धरायची नाही.

१४ फेब्रुवारी.
शास्त्रीय पद्धत. फोन गाडीखाली दोरीने बांधला, रेकॉर्डिंग चालू करून. म्हणजे आवाज नेमका कुठे ते कळेल. गल्लीच्या टोकाला वळलो, दोरी सुटली, फोन खाली, मागचं चाक वर. त्या क्षणी कर्र-टकमध्ये एक वेगळाच 'कच्च' आला. तो फोनचा.
दोरी वाण्याने कुजकी दिली. त्याला सोडणार नाही.
बाबा ओट्यावर बसून सगळं बघत होते. म्हणाले, तुला मदत हवी का? मी म्हटलं, तुम्ही फक्त रविवारी पुढच्या सीटवर बसा. ते नुसते काठीने जमिनीवर रेघा ओढत राहिले. बंधाऱ्यावर जायचं म्हणून त्यांनी जुने बूट पॉलिश करून ठेवलेत, असं ताई सांगत होती. मग असं टोचून बोलली : निदान त्यांच्यासाठी तरी एक काम पुरं कर. मी कधी अपुरं ठेवलंय?

१५ फेब्रुवारी.
जिंकलो! आवाज गेला.
सीटखाली दोन गोधड्या कोंबल्या, दारांच्या फटीत जुने सदरे, आणि रेडिओ पूर्ण मोठा. चक्कर मारून आलो. काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मागून एक ट्रक हॉर्न देत होता, तोही नाही. आवाज म्हणजे शेवटी काय, ऐकू येतो ते. ऐकू आलं नाही की संपलं.
मेकॅनिकच्या दुकानावरून मुद्दाम दोनदा गेलो. त्याने हात हलवून पुढच्या चाकाकडे काहीतरी दाखवलं. जळतो.
जगप्रवासाचा मार्ग ठरवला. आधी समुद्र, मग डावीकडे.

१६ फेब्रुवारी. रविवार.
लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो, कारण दुसऱ्या बाजूने सांगायला बाबा आणि ताई दोघं आहेत.
बाबा बूट घालून तयार. बसल्या बसल्या म्हणाले, रेडिओ बंद कर. मी म्हटलं, बटण अडकलंय. त्यांनी हात लांब करून बंद केला. कर्र-टक. कर्र-टक. मागच्या सीटवरून ताई म्हणाली, मंगलाष्टका छान वाजतायत. हाताशी एखादं हत्यार असतं तर ताईचं काही खरं नव्हतं.
बंधाऱ्याच्या अलीकडे ओढा उतरावा लागतो. पाझराने चिखल होता. मी म्हटलं, बाबा, बघा आता वाघ. आत टाकला तो फोर व्हीलचा गिअर आणि घातली गाडी. मागची चाकं गरगर. पुढची ढिम्म. आणखी रेस दिली, आणखी रुतली. गाडीने दगा दिला! बाबांच्या गाडीने, बाबांच्या डोळ्यांदेखत! मी उतरून टायरला लाथ मारली. अंगठा सुजलाय. टपावरचा पलंग तेव्हाच घसरून बॉनेटवर आला.
बाबा काठी टेकत उतरले. पॉलिश केलेले बूट घोट्यापर्यंत चिखलात. उजव्या चाकाकडे बघितलं. वळसा घालून डाव्या चाकाकडे गेले. तिथे उभे राहिले. मग काठीचं टोक मधल्या बटणावर टेकवून म्हणाले, उजवं तू फिरवलंस. डावं कोण फिरवणार होतं, नर्सरीवाल्या बाई?
मी म्हटलं, कपाट अडकलं होतं.
कोणाचं कपाट, ताई विचारायला लागली. तिला विषय कळत नाही आणि मध्ये बोलायचं असतं.
डावं फिरवलं. गाडी लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर आली आणि ओढ्याच्या पलीकडे गेली. बाबा बंधाऱ्याच्या भिंतीवर जाऊन बसले. पाण्याकडे बघत. बराच वेळ. मी मध्येच म्हटलं, एकाच चाकाला लॉक म्हणजे आतले दांडे उगाच फिरणार, तोच तो आवाज, म्हणजे माझं निदान बरोबरच होतं, पुढूनच येत होता. बाबा म्हणाले, थोडा वेळ गप्प बस. तू पण आणि गाडी पण.
परत डांबरी लागली तेव्हा दोन्ही बटणं फ्री करून घेतली त्यांनी माझ्याकडून, समोर उभं राहून. घरापर्यंत आवाज नाही. बाबा खिडकीची काच खाली करून नुसते ऐकत होते. हसत होते, अगदी थोडं.
दारात म्हटलं, आवाज गेला, नेऊन आणलं, आता गाडी माझी. बाबा म्हणाले, गाडी ठणठणीत आहे. म्हणूनच धड हातात द्यायची.
हा अन्याय आहे. पण चाव्या त्यांच्या खिशात.

१७ फेब्रुवारी.
नर्सरीवाल्या बाई आल्या. चक्कर मारून म्हणाल्या, काय गुळगुळीत चालते हो. मी दार लावून आत बसलो. गाडी घेऊन गेल्या, पलंग ठेवून गेल्या.

२ मार्च.
नोकरी. तात्पुरती, जगप्रवासाच्या तयारीसाठी. नर्सरीवाल्या बाईंना ड्रायव्हर हवा होता, ताईने न विचारता माझं नाव सांगितलं. आता वाघाच्या पाठीवर कुंड्या आणि कुंड्यांपुढे मी. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, स्टेअरिंग सोडून कशालाही हात लावायचा नाही. मला! जो आवाज शोधणारा माणूस आहे त्याला!

९ मार्च.
काल नर्सरीतल्या चिखलात दोन्ही चाकं लॉक करून झेंडूच्या ट्रेंनी भरलेली गाडी बाहेर काढली. एका दमात. बाई बघत होत्या. बाबांना फोनवर सांगितलं (ताईच्या फोनवरून). ते म्हणाले, बाहेर आल्यावर फ्री केलीस ना दोन्ही? मी म्हटलं, हो म्हणजे काय.
उजवं केलं होतं. डाव्याकडे जातोय तोच बाईंनी मोगऱ्याची रोपं उन्हातून उचलायला हाक मारली. लोक आपापली कामं स्वतः का करत नाहीत?
आज सकाळपासून गाडीतून बारीक कर्र-टक येतंय. कुंड्या असणार. स्वस्तातल्या आहेत.