वाफेचे रेडिएटर पाण्यावर

बफेलो, ३ सप्टेंबर
ठरलं. यंदा घर तापवायची वाफ बंद. सतरा वर्षं पहाटे पाचला पाइपांची धडधड ऐकतोय. बॉयलर नवा, रेडिएटर तेच, फक्त गरम पाण्यावर. सहा रेडिएटर, सहा शनिवार. हाय काय अन् नाय काय!

५ सप्टेंबर
वरच्या खोलीत सासरे राहतात. झिगमंट, वय शहाऐंशी, छाती अधू, थंडी सोसत नाही. चाळीस वर्षं पाइपफिटर, म्हणजे मत असणारच. म्हणे, जावईबापू, रेडिएटरला उतार नाही, आत पाणी साचतं म्हणून पाइप वाजतात. पाइपापासून लांबच्या पायाखाली लाकडाची पाचर सारा, गप बसतील. पाचर! मी नम्रपणे हसलो.

२१ सप्टेंबर
जुना बॉयलर भंगारात. आर्लीन म्हणाली, आधी एखादा रेडिएटर तपासून बघायचास. बायकोला शंका काढता येतात, दूरदृष्टी नाही. भंगाराचा ट्रक कोपऱ्यावर वळेपर्यंत सासरे जिन्यात उभे होते.

१२ ऑक्टोबर
प्रत्येक रेडिएटरला पाइप एकच. पाण्याला यायला एक, जायला एक, असे दोन लागतात. हे कोणी सांगितलं नाही. सासऱ्यांनी सांगितलं होतं, पण ते खोकत खोकत सांगतात. आता जमिनी फोडणे.

२ नोव्हेंबर
पाणी भरलं. वाफेला दाब जेमतेम लागायचा, पाण्याला कितीतरी पट. पाच रेडिएटर सांध्यांतून गळतात. खाली पातेली. सासऱ्यांच्या खोलीतला मात्र टिपूससुद्धा नाही! पद्धत बरोबर आहे.

३ नोव्हेंबर
तो गळत नाही, कारण त्यात पाणी चढतच नाही. वाफेच्या रेडिएटरचे कप्पे एकमेकांना फक्त खालून जोडलेले. वर हवा अडकते. सासरे म्हणाले, हे तुम्हाला सप्टेंबरातच सांगितलं होतं. म्हातारपणी माणूस तेच तेच बोलतो.

२० नोव्हेंबर
शहराशेजारच्या मोठ्या तळ्यावरून बर्फ आलं. सासरे कोट-टोपी घालून अंथरुणात. आर्लीनने बजावलं: थँक्सगिव्हिंगपर्यंत घर तापलं नाही तर बाबांना वृद्धाश्रमात ठेवणार. आठ दिवस आहेत. चिक्कार.

२८ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंगची टर्की झाली. ओव्हनचं दार उघडं ठेवून तिघेही त्यासमोर जेवलो. सासरे म्हणाले, जावईबापू, ओव्हन तेवढा पाण्यावर करू नका. मग बराच वेळ खोकले.

३० नोव्हेंबर
नेलं. तात्पुरतंच.

१५ डिसेंबर
भेटायला गेलो. खोली उबदार. कोपऱ्यात जुना रेडिएटर फुसफुसत होता, सासरे त्याच्याकडे तोंड करून गाढ झोपलेले. नर्सला सांगितलं, हे पाण्यावर सहज होईल. तिने विचारलं, आपण कोण?

९ जानेवारी
गेले. न्यूमोनिया. डॉक्टर म्हणे, दुखणं घरूनच घेऊन आले होते. डॉक्टरांना काहीतरी म्हणावंच लागतं.

११ जानेवारी
दफन झालं. आर्लीन परस्पर बहिणीकडे गेली. कधी येणार, विचारलं. घर तापलं की, म्हणाली. मग म्हणाली, नाही, तेव्हाही नको. मला म्हाताऱ्याची फार आठवण येते. हे तिला सांगायला हवं होतं.

१४ जानेवारी
सासऱ्यांचा खण आवरला. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा पाचरी. तासून, घासून गुळगुळीत. प्रत्येकीवर पेन्सिलीने खोलीचं नाव, खाली तारीख: ६ सप्टेंबर.

स्वयंपाकघरातलं टेबल कधीचं डुगडुगत होतं. एक पाचर खाली सारली. आता अजिबात हलत नाही.