सुपारीच्या जीपमध्ये मेल्याचं गाणं

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यामुळेच मी आज अडकलोय असं म्हणावंसं वाटतं. खरं नाही ते. राग कुणावर तरी काढायचा असतो, आणि तुम्ही उलट बोलणार नाही.

आश्रमशाळेतला एक रविवार आठवतो. तुमच्या खोलीत स्टोव्हवर पिठलं रटरटतंय, मी कांदा चिरतोय, आणि खिडकीतल्या स्पीकरवर इटलीतल्या कुणा संगीतकाराची दीडशे वर्षांपूर्वीची रचना चालू आहे. मेलेल्यांसाठी केलेली प्रार्थना, शेकडो गळे आणि भलामोठा वाद्यवृंद. मधेच सगळे एकदम ओरडतात, मोठा ढोल बुक्क्यांसारखा बसतो, आणि मी चाकू टाकून आवाज वाढवतो. तेवढ्यात स्वयंपाकाच्या मावशी पळी घेऊनच दारात. "गुरुजी, कोन मेला?" तुम्ही हसलात, "कुणी नाही हो." "मग बंद करा ना. मेल्याबिगर मेल्याचा गाना लावतं का कोनी? घरात मरण बोलावायचाय?" आमच्या पाड्यांवर ती गाणी फक्त मयताच्या घरी म्हणतात, हे तुम्हा शहरातल्या माणसाला माहीत नव्हतं. तुम्ही मुकाट्याने बंद केलंत आणि माझ्यावर घसरलात, "तुला नुसता ढोल ऐकू येतो, गाढवा. शेवटची बाई ऐक कधीतरी."

ती मी ऐकली नाशिकला, कॉलेजात असताना. एकटीच मला सोडव, मला सोडव म्हणत राहते, आणि अगदी शेवटी तर गातही नाही, एकाच सुरात पुटपुटते. मी जिच्यासाठी वेडा झालो होतो ती दाभोशाची मुलगी तेव्हा इकडे जव्हारला शिकत होती. वसतिगृहात एकाने तिच्या फोटोवर घाण शेरा मारला, मी त्याचा दात पाडला आणि दुसऱ्या वर्षातच बॅग उचलून परत आलो. म्हटलं, जवळ तरी राहू. तेव्हापासून काकाची जीप चालवतो. मोखाडा ते जव्हार, जव्हार ते मोखाडा, त्याच वळणावर तोच गिअर. तिने कधी हो म्हटलं नाही, आणि नाही म्हणायची वेळ मी येऊ दिली नाही.

गेल्या महिन्यात मोखाड्याच्या एका घराने जीप ठरवली, दाभोशाला सुपारी फोडायला जायचं म्हणून. कुणाकडे विचारलं, तर तिच्याच घरी. नवरा मुलगा कारकून. इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारीच बसला. माझं डोकं फिरलं. जव्हार मागे पडलं तशी मी तीच रचना लावली, ढोलापासून, फुल आवाजात. मागून त्याची आत्या म्हणाली, "काय रं ड्रायव्हर, कसला गाना हा? आंगावर काटा येतो." मी म्हणालो, "मेलेल्यांचं आहे, आत्या. तुमच्या होणाऱ्या सुनेला फार आवडतं. तिनेच पाठवलंय मला."

"थांबव गाडी," आत्या म्हणाली. नारळ, पेढे, साडी, सगळं घेऊन ती माणसं तिथूनच परत फिरली.

आता तिच्या दारात कुणी येत नाही. पोरगी घरात मरण आणते म्हणतात. परवा ती मोखाड्याच्या स्टँडवर आली, बोनेटवर हात आपटून म्हणाली, "तुझ्याशी लग्न करणार नाय, हे पयलं ऐक. नायतर वाटेल तुला, जिंकलास. आता दाभोशाला ये आणि माझ्या बापासमोर, चार माणसांत सांग, खोटं तू बोललास."

"तुझ्या भावाने मारलं तर?"

"मारेलच. दात पाडायची हौस काय तुला एकट्यालाच आहे?"

गेलो तर ती सुटते, आणि मला तिचं नाव काढायचीही सोय उरत नाही. नाही गेलो तर दोघंही याच घाटात, एकमेकांची तोंडं चुकवत. तुम्ही असतात तर कानाखाली वाजवून माझ्यासोबत जीपमध्ये बसला असतात. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही, ते सीटखालीच राहील. समोर दाभोशाला जाणारी माणसं उभी आहेत, निघतोस का विचारतात. मी क्लच गेलाय सांगतो. ती येऊन गेली तेव्हापासून सगळ्यांना हेच सांगतोय. क्लच चांगला आहे, सर.